निवड-परीक्षेच्या शाळा, शिकवण्या आणि खरी प्रज्ञा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही शाळा प्रवेश परीक्षा घेऊन मोजक्याच मुलांना निवडतात. अशा परीक्षेची तयारी करणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना मी बरीच वर्षं गणित शिकवलं आहे. पालक भेटायला येतात तेव्हा बोलणं पुस्तकं, वेळापत्रक आणि कट-ऑफ यांपासून सुरू होतं. मनातला खरा प्रश्न मात्र निघताना, दाराशी आल्यावर बाहेर पडतो. तोच इथं पहिला घेतला आहे.

क्लास लावून निवड झाली, तर मूल खरोखर प्रज्ञावान आहे असं समजायचं का?

निवड झाली यावरून एवढं नक्की कळतं की त्या दिवशी, त्या तऱ्हेच्या प्रश्नांची उत्तरं त्या मुलानं इतर बहुतेकांपेक्षा चांगली लिहिली. त्या गुणांत मुलाची कुवत आहे, केलेली तयारी आहे आणि त्या दिवसाचा योगही आहे. कशाचा वाटा किती, ते गुणपत्रिका सांगत नाही. दोन वर्षं रोज सराव करून मिळालेले ८० आणि प्रश्नपत्रिकेचं तोंडही आधी न पाहता मिळालेले ८० कागदावर सारखेच दिसतात, पण मुलाबद्दल ते वेगवेगळं सांगत असतात.

तरीही 'क्लास लावला म्हणजे हुशारी उसनी' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गाणं शिकणारी मुलगी दहा वर्षं गुरूंपुढे बसली म्हणून तिचा गळा खोटा ठरत नाही. शिकवण्यात गैर काही नाही. काय शिकवलं आणि मुलानं त्याचं काय केलं, ते पाहावं लागतं.

२, ६, १२, २०, ३० ही मालिका घ्या. पुढची संख्या कोणती? तयारी केलेली मुलं फरक काढतात: ४, ६, ८, १०, म्हणून पुढचा फरक १२ आणि उत्तर ४२. दहा सेकंदांत होतं आणि बरोबर असतं. एका मुलीनं ४२ लिहिलं, पण पेन काही खाली ठेवलं नाही. '१ गुणिले २, २ गुणिले ३, ३ गुणिले ४ असं चाललंय. मग शंभरावी संख्या १०,१०० येईल ना?' शंभरावी संख्या कोणी विचारलीच नव्हती. परीक्षेत तिलाही एकच गुण मिळाला असता, फक्त ४२ लिहिणाऱ्यालाही एकच. आणि ही मुलगीसुद्धा क्लासलाच येत होती. म्हणून क्लासला जातो की नाही यावरून मी कुणाबद्दल काही ठरवत नाही. उत्तर आल्यावर मूल काय करतं, तिकडे माझं लक्ष असतं.

मग प्रज्ञा म्हणजे काय? बुद्ध्यंक?

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासोबत १९०५ मध्ये पॅरिसला जी बुद्धिचाचणी तयार केली, ती वर्गात मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं शोधण्यासाठी होती. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि न बदलणारी असते, हे बिने यांना मान्य नव्हतं. चाचणी अमेरिकेत पोहोचली आणि वरच्या टोकाची मुलं वेचायला वापरली जाऊ लागली. तिथले मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड हजार उच्च बुद्ध्यंकाची मुलं निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेणारा अभ्यास सुरू केला. त्यांतली बरीच पुढे उत्तम शिकली, मोठ्या हुद्द्यांवर गेली. पण चाचणी होऊनही निवडीत न बसलेली दोन मुलं होती विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. शॉकली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कुणालाही ते मिळालं नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडलं की प्रज्ञेसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सरासरीहून वरची क्षमता, हातातल्या कामाला चिकटून राहणं आणि सर्जनशीलता. कॅनडाचे फ्रान्स्वा गान्ये यांनी उपजत क्षमता आणि मेहनतीनं घडलेलं कौशल्य अशी फारकत केली. पालकांना मला ही दुसरी मांडणी जास्त उपयोगाची वाटते. उपजत देणं असतं, पण ते आपोआप फळत नाही. त्याचं कौशल्य व्हायला शिकवणारा, वेळ, घरचं वातावरण आणि मुलाची स्वतःची ओढ लागते. परीक्षेत दिसतं ते घडलेलं कौशल्य. त्यामागे देणं किती होतं, याचा परीक्षेवरून फक्त अंदाज बांधता येतो.

एका परीक्षेचा निकाल कितपत खरा मानायचा?

थोडं गणित करू. बहुतेक बुद्ध्यंक चाचण्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ असतं. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे ती पुन्हा घेतली तर गुण किती जुळतात त्याचं माप, १ पैकी ०.९० आहे असं धरू, आणि ही चांगली विश्वसनीयता झाली. तरी मोजमापातली नेहमीची चूक (प्रमाण चूक) सुमारे ४.७ गुणांची येते. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण तिच्या दुप्पट जागा सोडली, तर १२८ आलेल्या मुलाचा खरा आकडा साधारण ११९ ते १३७ यांच्या दरम्यान कुठंही असू शकतो. कट-ऑफ १३० असेल तर १२८ वाला बाहेर आणि १३१ वाला आत. या दोन मुलांत फरक आहे असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही.

शाळेला कुठंतरी रेघ मारावीच लागते, ते मी समजू शकतो. पण ती जागांची रेघ आहे. घरात तिला मुलाच्या लायकीची रेघ करू नका.

क्लासनं गुण खरंच वाढतात का?

वाढतात. सुरुवातीची वाढ तर भरभर होते, कारण मूल प्रश्नांचे प्रकार ओळखू लागतं, वेळ वाटून घ्यायला शिकतं, उत्तरपत्रिका भरताना गोंधळत नाही. माझ्या अनुभवात ही वाढ पहिल्या आठ-दहा सराव परीक्षांत होऊन जाते. पुढे तासन् तास घालूनही आकडा जागचा फारसा हलत नाही, आणि नेमकं तेव्हाच घाबरून आणखी तास लावले जातात.

विषय समजावून देणारी शिकवणी ही वेगळी गोष्ट. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की एकास एक शिकवल्यास सरासरी मुलाची प्रगती नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जाते. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका मोठा आढळला नाही, पण चांगली वैयक्तिक शिकवणी उपयोगी पडते याबद्दल दुमत नाही.

'सरावानं कुणीही काहीही होतं' हेही मात्र ताणलेलं विधान आहे. जाणीवपूर्वक केलेल्या सरावावरच्या अनेक अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकापैकी सरावामुळे पडणारा वाटा बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के, मैदानी खेळांत १८ टक्के, तर शिक्षणात अवघा ४ टक्के निघाला. हे वाचून सराव सोडायचा नाही. शेजारच्या मुलाइतकेच तास घातले म्हणजे त्याच्याइतकेच गुण यायला हवेत, हा हिशोब मात्र सोडून द्यावा.

क्लासचा उपयोगच होणार नाही अशी परीक्षा काढता येत नाही का?

प्रयत्न बरेच झाले. इंग्लंडमध्ये अजून १६३ सरकारी ग्रामर शाळा परीक्षेनं मुलं निवडतात. त्यांतल्या बकिंगहॅमशर परगण्यानं २०१३ मध्ये सहज 'घोटून' घेता येणार नाही अशी नवी परीक्षा आणली. थोड्याच काळात त्या परीक्षेचेही सराव संच विकायला आले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं निवड-शाळांची परीक्षा बदलून विचारकौशल्याला वाचन, गणिती तर्क आणि लेखनाइतकंच वजन दिलं. मग विचारकौशल्याचे क्लास निघाले.

दक्षिण कोरियाइतकी मजल कोणीच मारली नसेल. तिथं १९६९ पासून सोलमधल्या माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षाच बंद केली आणि १९७४ पासून मोठ्या शहरांत वरच्या शाळांसाठी सोडत सुरू झाली. १९८० मध्ये लष्करी राजवटीनं खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. २००० साली घटनात्मक न्यायालयानं ती रद्द ठरवली. सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद झालेच पाहिजेत असा नियमही करावा लागला. इतकं करून चढाओढ संपली नाही, ती विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर जाऊन बसली. चीननं जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांचे क्लास नफ्यासाठी चालवायला आणि सुट्टीच्या दिवशी घ्यायला मनाई केली. शिकवण्या आडपडद्यानं, जास्त पैसे घेऊन चालू राहिल्या.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे: जागा थोड्या आणि त्यांची किंमत मोठी असेल, तर कोणतीही परीक्षा आली तरी तिची तयारी विकणारे उभे राहतात. दोष प्रश्नपत्रिकेच्या प्रकारापेक्षा जागांच्या टंचाईत जास्त आहे.

अशा शाळेत गेल्यानं पुढे खरंच फायदा होतो का?

या शाळांचे निकाल चांगले असतात, कारण मुळात चांगले गुण असलेली मुलंच तिथं घेतली जातात. शाळेमुळे किती भर पडली ते पाहायचं तर कट-ऑफच्या अगदी जरा वर आणि अगदी जरा खाली असलेल्या मुलांची तुलना करावी लागते, कारण ती जवळपास सारखीच असतात. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षेनं प्रवेश देणाऱ्या शाळांबद्दल २०१४ मध्ये अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी अशीच तुलना केली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांवर या शाळांचा परिणाम जवळपास दिसला नाही. रोमानियातल्या २०१३ च्या अभ्यासात मात्र वरच्या शाळेत गेलेल्यांचे शालान्त निकाल काहीसे सुधारलेले आढळले. त्याच अभ्यासात असंही दिसलं की अशा मुलांच्या पालकांनी अभ्यासात लक्ष घालणं कमी केलं आणि मुलांना वर्गात आपण कमी पडतो असं वाटू लागलं.

हे निष्कर्ष रेघेजवळच्या मुलांपुरते आहेत. रेघेच्या खूप वर असलेलं, नेहमीच्या वर्गात कंटाळून गेलेलं मूल अशा शाळेत खुलू शकतं. आपल्यासारखीच वेडी मुलं पहिल्यांदा भेटल्यावर चेहरा उजळलेला मी पाहिला आहे, आणि तो फायदा कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

पूर्वी वर्गात पहिली येणारी मुलगी नव्या शाळेत एकदम मध्यावर गेली. तिची बुद्धी कमी झाली का?

नाही. आजूबाजूची मुलं बदलली. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलं आहे: तेवढ्याच क्षमतेचं मूल हुशार मुलांच्या वर्गात स्वतःला कमी लेखतं आणि साधारण वर्गात जास्त. लहान तळ्यातल्या मोठ्या माशावरून या परिणामाला नाव पडलं आहे, आणि तो अनेक देशांत आढळला आहे. ज्या मुलीची ओळखच 'पहिली येणारी' अशी होती, तिला हा धक्का फार बसतो. म्हणून निवड होण्याच्या आधीच तिला सांगून ठेवा की तिथं सगळेच कुठून ना कुठून पहिले आलेले असणार.

दबाव जास्त होतोय हे कसं ओळखायचं?

रडारड, चिडचिड पालकांना दिसते. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या खुणांची. मूल अवघड गणिताला हातच लावत नाही, कारण चुकण्यापेक्षा सोडलेलं बरं. चुकलेली पायरी दिसू नये म्हणून पान फाटेपर्यंत खोडतं. गणित सोडवून झालं की उत्तराकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहतं. सराव परीक्षेच्या सकाळी पोट दुखतं आणि दुपारी थांबतं. पूर्वी आवडीनं करायची ती गोष्ट, चित्रं असोत की पेटी वाजवणं, 'परीक्षेनंतर' म्हणून बाजूला पडते आणि परीक्षेनंतरही परत येत नाही.

पहिली तपासणी झोपेची करा. निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीनं २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप हवी. शाळा, क्लास, गृहपाठ आणि जेवण यांची बेरीज करून ही झोप बसत नसेल, तर वेळापत्रकच चुकीचं आहे. अशा वेळी मूल कमी पडतंय असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

धोका फक्त कमकुवत मुलांना असतो असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१९ च्या अहवालात जोखमीतल्या मुलांच्या गटांत, गरिबीत वाढणाऱ्या किंवा आईवडील तुरुंगात असलेल्या मुलांच्या जोडीनं, उच्च गुणवत्तेच्या चढाओढीच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांचाही समावेश केला आहे. उदासी, न खाणं, स्वतःला इजा करण्याची भाषा यांतलं काहीही दिसलं तर परीक्षा किती जवळ आली आहे याचा विचार न करता डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

चार-पाच वर्षांच्या मुलाची चाचणी करून घ्यावी का?

शाळाप्रवेशासाठी नको. या वयात गुण फार वरखाली होतात. भूक, झोप, अनोळखी माणूस, कशानंही. न्यूयॉर्कमध्ये हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेत असत, ती २०२१ मध्ये बंद झाली. मूल बोलण्यात किंवा समजण्यात मागे वाटत असेल तर तपासणी जरूर करा, पण ते कारण अगदी वेगळं आहे.

प्रज्ञावान मुलाला कमी गुणही पडू शकतात का?

हो, आणि अशी मुलं सर्वांत सहज निसटतात. वाचताना अक्षरं अडखळणारं मूल तर्कात विलक्षण असू शकतं. पेपर वाचण्यातच त्याचा वेळ संपतो. काहींना सोप्या प्रश्नांचा इतका कंटाळा येतो की ती चुका करतात. काहींना एकच उत्तर निवडायचं असताना दोन बरोबर दिसतात आणि ती अडून बसतात.

दुसरी अडचण परीक्षेच्या छताची, म्हणजे पेपर सोपा असेल तर वरच्या मुलांतला फरक त्यात दिसतच नाही. वयाला साजेशा पेपरात ९८ मिळवणारी दोन मुलं प्रत्यक्षात एकमेकांपासून कितीतरी दूर असू शकतात. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केलेल्या अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा देऊन पाहिली. पुढच्या वर्गाचा, कधीही न शिकवलेला एखादा प्रश्न मुलापुढे ठेवा आणि गप्प बसा. दोन वर्षांच्या सराव परीक्षांपेक्षा त्या अर्ध्या तासात जास्त कळतं.

ज्यांना क्लास परवडत नाही, त्यांचं काय?

या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. परीक्षा सर्वांना सारखी म्हणून ती न्याय्य, असा युक्तिवाद होतो, पण परीक्षेला बसावं हे सांगणारं माणूससुद्धा प्रत्येक घरात नसतं. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यानं २००५ पासून शिक्षकांच्या किंवा पालकांच्या शिफारशीची वाट न पाहता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. लगेच गरीब आणि अल्पसंख्य घरांतली, आजवर नजरेतून सुटलेली कितीतरी मुलं खास वर्गांसाठी पात्र ठरली. ती मुलं आधीही तिथंच होती.

काही ठिकाणी जागाच राखल्या जातात. भारतातल्या नवोदय विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. न्यू साउथ वेल्सनं २०२३ च्या प्रवेशापासून २० टक्क्यांपर्यंत जागा वंचित गटांसाठी ठेवल्या. मला हे योग्य वाटतं. कसलीही मदत नसताना ७० मिळवणाऱ्या मुलीची ओढ सगळी मदत घेऊन ७५ मिळवणाऱ्याहून कमी असेल, असं मला वाटत नाही.

शेवटी, क्लास लावायचा की नाही?

पेपरचा नमुना अनोळखी राहू नये इतकी तयारी प्रत्येक मुलाला मिळायला हवी. त्याला काही आठवडे पुरतात. त्यापुढे वेळ आणि पैसा घालायचाच असेल तर विषय शिकवणारा माणूस शोधा, पेपर घोटून घेणारा नको. पहिल्या भेटीत विचारा, 'मुलाचं उत्तर चुकलं तर तुम्ही काय करता?' योग्य रीत लगेच दाखवतो, असं म्हणाले तर विचार करा. तू असं का केलंस ते विचारतो, असं म्हणाले तर तिथं पाठवा.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, अगदी शेवटच्या महिन्यातही. आणि सहा महिन्यांनी मूल त्या विषयाबद्दल स्वतःहून एकही प्रश्न विचारत नसेल, तर गुण चढत असले तरी थांबून विचार करा.

निवड झाली नाही. मुलाशी काय बोलायचं?

पहिल्या दिवशी फार काही नको. 'पुढच्या वेळी होईल', 'त्या शाळेत काही अर्थ नव्हता', यांतलं काहीच बोलू नका. पहिल्यानं लगेच पुढची परीक्षा समोर उभी राहते, आणि दुसरं मुलाला पटत नाही, कारण दोन वर्षं तुम्हीच उलटं सांगत होतात. वाईट वाटलं, मलाही वाटलं, एवढं खरं बोलणं पुरतं. नातेवाइकांना निकाल सांगायचा की नाही, ते मुलाला ठरवू द्या.

आठवडाभरानं तयारीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते त्याच्याबरोबर बसून ठरवा. सराव संच बहुधा जातील. कोडी, वाचन, एखादा विषय राहू शकतो. नव्या वर्गशिक्षकांना भेटून त्याला कशात जास्त खोल जायचंय ते सांगा.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची निवड दोन गुणांनी हुकली. आठवड्यानं त्याच्या आईचा फोन आला, की तो विचारतोय, आता गुरुवारी यायचं नाही का? मागच्या तासाला पत्त्यांच्या घरांचं एक गणित अर्धं राहिलं होतं: चार मजल्यांच्या घराला २६ पत्ते लागले, तर शंभर मजल्यांच्या घराला किती लागतील? मी म्हटलं, येऊ दे. तो आला तेव्हा त्यानं दहा मजल्यांपर्यंतचं मोजून आणलं होतं.